कमिन्सच्या संचालक मंडळास खुले पत्र: फलटणच्या गावांपुढे मराठीत हिशेब मांडा

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ, कमिन्स इन्कॉर्पोरेटेड, कोलंबस, इंडियाना, अमेरिका;
तसेच व्यवस्थापकीय संचालक व सामाजिक उत्तरदायित्व समितीचे सदस्य, कमिन्स इंडिया लिमिटेड, पुणे.

विषय: फलटण परिसरातील सामाजिक कामांचे निर्णय व हिशेब ग्रामसभेपुढे आणण्याबाबत, आणि तालुक्यात एक कायमस्वरूपी तंत्रशिक्षण संस्था उभी करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथेच राहते आहे. आपल्या कंपनीशी माझा नोकरीचा किंवा व्यवहाराचा कोणताही संबंध नाही. मात्र माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले, आणि विशेष म्हणजे मुली, आज लोणंद–फलटण रस्त्यावरच्या सुरवडी–नांदल भागातील कारखान्यांत कामाला जातात, आणि म्हणून आपण या भूमीत काय करता व कसे करता याकडे मी आस्थेने पाहत आले आहे. हे पत्र तक्रारीचे नाही. डिझेल इंजिने बनवणाऱ्या ज्या अमेरिकी कंपनीने परक्या देशात येऊन साठ वर्षांहून अधिक काळ कारखाने चालवले आणि त्याबरोबर शिक्षणाचेही काम केले, तिच्याकडून पुढचे मोठे काम मागण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे मी मानते. ते मागणे नीट समजावे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहिते.

१९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा परदेशी कंपनीने भारतात येऊन डिझेल इंजिने बनवायची तर इथला भागीदार घेऊनच, अशी रीत होती. आपल्याला मिळालेला भागीदार साधा नव्हता. सातारा भागातील औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना आणि त्याच्या भोवती किर्लोस्करवाडी हे गाव वसवले होते, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून परतले होते. कारखाना म्हटला की त्याच्याबरोबर शाळा, पाणी, वाचनालय यांचाही विचार आलाच, ही समजूत त्या घराण्यात आधीपासून मुरलेली होती. कोथरूड तेव्हा पुण्याच्या बाहेरचे गाव होते. आज डहाणूकर कॉलनीच्या परिसरात कोणालाही पत्ता सांगताना ‘कमिन्सच्या जवळ’ एवढे म्हटले की पुरते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किर्लोस्करांचा वाटा आपण विकत घेतला आणि कंपनीचे नाव कमिन्स इंडिया झाले, तरी जुन्या कामगारांच्या तोंडी ‘किर्लोस्कर कमिन्स’ हेच नाव पुढे बरीच वर्षे राहिले.

या काळात आपल्या इंजिनांनी काय केले हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते, कारण इंजिन सहसा आत असते आणि बाहेर दुसऱ्याचेच नाव दिसते. कोळशाच्या खाणीतला डंपर, रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाडीला वीज पुरवणारा पॉवर कार, टाटांचा मालट्रक, रुग्णालयाच्या मागच्या अंगणातला जनरेटर, अशा ठिकाणी ती चालू असतात. पण पुण्यापुरते बोलायचे तर माझ्या मते त्याहूनही मोठी गोष्ट आजूबाजूला घडली. अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवण्यासाठी शेकडो छोटी वर्कशॉपे निघाली. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, माप घ्यायचे, नाकारलेला माल परत घ्यायचा, ड्रॉइंगप्रमाणेच काम द्यायचे, ही शिस्त तिथे रुजली आणि ती त्या वर्कशॉपांतून बाहेर पडलेल्या माणसांबरोबर भोसरी-चिंचवडपर्यंत पोहोचली. या कामाची नोंद कोणत्याही सामाजिक अहवालात होत नाही, परंतु एखाद्या उद्योगाने परक्या मुलखाला दिलेली खरी देणगी मोजायची झाली तर ती इथूनच मोजावी लागेल.

आणि मग कर्वेनगर. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि तो १९०० साली हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर नेला. त्याच संस्थेने, म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने, १९९१ साली फक्त मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. आपल्या कंपनीने त्याला आर्थिक पाठबळ दिले आणि त्याला आपले नाव मिळाले. त्या काळात अभियांत्रिकीच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत, आणि ‘मुलगी मशीनवर काय काम करणार’ हा प्रश्न शिकलेल्या घरांतही सर्रास विचारला जाई. आज ‘ती कमिन्सची आहे’ असे म्हटले की पुण्यात कोणी कारखान्याचा विचार करत नाही, तर एका हुशार मुलीचा करतो. पुढे संस्थेने नागपूरजवळ हिंगणा येथेही मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले आणि त्यालाही हेच नाव दिले.

ते काम का टिकले याचा मी बराच विचार केला आहे, कारण माझ्या मागणीचा पाया तिथेच आहे. पैसा आपला होता, नाव आपले होते, परंतु संस्था आपली नव्हती. प्रवेश कसे द्यायचे, शिक्षक कोण नेमायचे, वसतिगृह कोणत्या नियमांनी चालवायचे, हे ठरवणारी माणसे शंभर वर्षांची परंपरा पाठीशी असलेल्या इथल्याच संस्थेची होती. त्यामुळे कंपनीचे अधिकारी बदलले, भागीदार गेले, बाजार वरखाली झाले, तरी महाविद्यालय चालू राहिले. दुसरे असे की, हे सारे कोणत्याही कायद्याने सक्ती केलेली नसताना घडले. सामाजिक उत्तरदायित्वाचा कायदा त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने आला.

आता फलटणकडे वळते. महाराष्ट्राबाहेरच्या संचालकांना या तालुक्याची ओळख असेलच असे नाही, म्हणून सांगते. हे निंबाळकरांचे जुने संस्थान. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. दर वर्षी आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्काम करत पंढरपूरकडे जाते, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या दारावरूनच जाते. तालुक्याचे पाण्याच्या हिशेबाने दोन भाग पडतात. नीरा उजव्या कालव्याखालची गावे उसाची, आणि कालव्याच्या वरच्या अंगाची, माण तालुक्याकडे सरकत जाणारी गावे ज्वारी-बाजरीची आणि टँकरची. एकाच तालुक्यातल्या दोन शाळांत मी शिकवले, आणि एकीकडे मुले ऊसतोडीच्या हंगामात गैरहजर राहत तर दुसरीकडे पाण्याच्या टँकरच्या वेळेला. अशा तालुक्यात आपण सुमारे पंधरा वर्षांपूर्वी सुमारे ३०० एकरांवर मोठा औद्योगिक प्रकल्प उभा केला आणि एकाच आवारात अनेक कारखाने आणले.

त्यामुळे काय बदलले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. खोल्यांची भाडी वाढली, जमिनींचे भाव वाढले, रस्त्यालगत खानावळी झाल्या, हे कुठल्याही औद्योगिक वसाहतीबद्दल म्हणता येईल आणि त्यावर मी अधिक लिहीत नाही. ज्याबद्दल लिहावेसे वाटते ते म्हणजे सकाळी सहाच्या आत फाट्यावर येऊन उभ्या राहणाऱ्या मुली. गणवेशाचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, एका हातात डबा. त्यांतल्या काहींच्या आयांची लग्ने पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाली होती. एका मुलीच्या वडिलांनी मला अगदी सहज सांगितले, “बाई, आता तिच्या लग्नाची घाई नाही, तिचा पीएफ कापला जातोय.” भविष्यनिर्वाह निधीमुळे लग्नाचे वय पुढे जाते, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असो वा नसो, आमच्याकडे ते घडते आहे, आणि त्याचे श्रेय इथे रोजगार आणणाऱ्या प्रत्येक कारखान्याला दिले पाहिजे.

हे झाले व्यवसायाचे. सामाजिक कामाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे असे त्याच कलमात म्हटले आहे. आपली येथील प्रतिष्ठान संस्था (फाउंडेशन) १९९० पासून काम करते, म्हणजे आपण या कायद्याची वाट पाहिली नाही, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाकाठी निदान चार तास कामाच्या वेळेत समाजकार्यासाठी देण्याची आपली जगभरची पद्धत आहे, हेही मला ठाऊक आहे. तरीही कायद्याच्या चौकटीत काम आले की त्या चौकटीचे दोषही कामात येतात. चालू प्रकल्पाची मुदत, सुरू झालेले वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षे. त्यानंतर बंद. खर्चाचा अहवाल वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात, इंग्रजीत, भागधारकांसाठी. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून, तेही इंग्रजीत. ज्या गावात बंधारा बांधला किंवा ज्या शाळेत खोली उभी राहिली, त्या गावाला यातले एकही पान आपणहून मिळत नाही, आणि ते देण्याची सक्ती कायदा करत नाही.

याचा परिणाम कसा होतो ते एका शाळेत मी जवळून पाहिले. तिथे एका दुसऱ्याच उद्योगाने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिले होते. उद्घाटन झाले, फलक लागला, मुलांनी स्टीलच्या तोटीतून थंडगार पाणी प्यायले. वर्ष-दीड वर्षाने पाण्याची धार करंगळीएवढी झाली. मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बदलायला पाहिजे असे मेकॅनिकने सांगितले आणि जी किंमत सांगितली ती शाळेच्या वर्षभराच्या सादिल खर्चातून निघणारी नव्हती. ग्रामपंचायत म्हणाली, यंत्र आमच्या नोंदवहीत नाही. उद्योगाकडे विचारले तर तो प्रकल्प बंद होऊन अहवाल गेलेला होता, आणि त्या वेळचे अधिकारी दुसऱ्या शहरात बदलून गेले होते. मुले पुन्हा घरून बाटल्या आणू लागली. कोणीही वाईट हेतूने वागले नव्हते. यंत्र कोणाचे, हे देतानाच ठरले नव्हते, एवढेच.

जलसंधारणाच्या कामांतही हेच होते. नाला खोलीकरण, सिमेंटचा नालाबांध, कंपार्टमेंट बंडिंग (शेतात पाणी मुरवणारे छोटे बांध) ही कामे आमच्या वरच्या अंगाच्या गावांना जीवदान देणारी आहेत, आणि त्यांत पैसा घालणाऱ्या प्रत्येकाचे गाव आभारी असते. पण बांधात दर पावसाळ्यात गाळ येतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे लोखंडी ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढावे लागतात आणि परतीचा पाऊस संपता संपता पुन्हा बसवावे लागतात. चार दिवस उशीर झाला तर पाणी निघून जाते, चार दिवस घाई झाली तर पूर बंधाराच घेऊन जातो. ढापे ठेवायला बंद खोली लागते, नाहीतर ते भंगारात जातात. रबरी पट्ट्या बदलाव्या लागतात. हे सगळे कोण करणार, त्याला पैसे कुठून येणार, आणि अडवलेले पाणी कोणत्या विहिरींना किती द्यायचे याचा निवाडा कोण करणार, हे प्रश्न बांधकामाच्या आधी गावाने भांडून, बोलून, ठरवून सोडवलेले असतील तरच बंधारा टिकतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात भांडायला वेळ नसतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायचे कारण नाही, कारण ते आपल्याच गावात आहे. इंडियाना राज्यातील कोलंबस हे सुमारे ५० हजार वस्तीचे शहर, म्हणजे जवळपास आमच्या फलटण शहराएवढे. १९१९ साली तिथे आपली कंपनी सुरू झाली. पुढे अनेक वर्षे तिची धुरा वाहणारे जे. आयर्विन मिलर यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात आपल्या प्रतिष्ठानाने शहराला एक देकार दिला: सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर नामांकित वास्तुरचनाकारांच्या यादीतून आपला वास्तुरचनाकार निवडा, त्याचे शुल्क आम्ही भरू. इमारतीचा खर्च शहराचा, जागा शहराची, निवड शहराच्या शाळा मंडळाची किंवा नगरपालिकेची. कंपनीने फक्त उत्तम दर्जा परवडेल अशी सोय केली. त्यातून शाळा झाल्या, अग्निशमन केंद्रे झाली, आणि जगभरचे वास्तुरचनेचे विद्यार्थी आज ते छोटे शहर पाहायला जातात. निर्णय लोकांचा आणि मदत कंपनीची, ही रीत आपण आपल्या शेजाऱ्यांशी पाळलीत. फलटणचे लोकही आपले शेजारी आहेत, आणि त्यांच्याशीही त्याच रीतीने वागावे एवढेच आमचे म्हणणे आहे.

गावाला एवढा निर्णय झेपेल का, अशी शंका आपल्या कार्यालयात कोणी काढेल. त्यांना मी औंधची आठवण देईन. ज्या राजेसाहेबांनी किर्लोस्करांना माळ दिला, त्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीच १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार गावपंचायतींवर आधारलेल्या राज्यघटनेने प्रजेच्या हाती सोपवला. औंध इथून काही लांब नाही, आणि आटपाडीसारखे दुष्काळी मुलूखही त्याच संस्थानात होते. उद्योगाला जागा देणारा हात आणि गावाला सत्ता देणारा हात एकच होता, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. आजच्या कायद्यानेही महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथे घरकुलांच्या याद्यांवरून कडाक्याचे वाद होतात, पण तिथेच गाव आपला निर्णय करते.

भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे, आणि फलटणमध्ये तो अमेरिकेतून आलेल्यांना विचारणे अस्थानी नाही. आपल्या आधी इथे अमेरिकेहून दोन स्त्रिया आल्या. पहिल्या कमलाबाई निंबकर. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या या देशाच्या झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेती संशोधन संस्था काढली, जिने उसाच्या पाचटापासून ऊर्जा मिळवण्यावर आणि विजेवर चालणाऱ्या रिक्षांवर असे काम केले की ते आपल्या अभियंत्यांनीही जाऊन पाहावे. बनबिहारींच्या पत्नी, लेखिका जाई निंबकर, या इरावती कर्वे यांच्या कन्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या नात. ज्या कर्व्यांच्या संस्थेत आपले नाव आहे त्याच घराण्याची एक शाखा आपल्या दुसऱ्या कारखान्याच्या गावी नांदते आहे, हे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आले आहे की नाही कोण जाणे.

दुसऱ्या मॅक्सीन बर्नसन. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या फलटणला आल्या, इथल्या वेगवेगळ्या जातींच्या व थरांच्या लोकांच्या मराठी बोलण्याचा त्यांनी अभ्यास केला, भारताचे नागरिकत्व घेतले आणि वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्या संस्थेच्या शाळेला कमला निंबकर यांचेच नाव आहे, आणि ती शाळा मराठी माध्यमाची आहे. माझ्यासारख्या कितीतरी शिक्षिकांनी पहिलीच्या मुलांना वाचन कसे शिकवायचे हे त्यांच्या कामातून शिकून घेतले. परदेशातून येऊन या मातीत काम करायचे तर काय करावे लागते, याचा दाखला आपल्या कारखान्यांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. त्यांनी सर्वांत आधी आमचे बोलणे ऐकून घेतले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारशी आपला समझोता झाला आणि रॅम पिकअप ट्रकांच्या इंजिनांमधील प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणाऱ्या उपकरणांच्या आरोपावरून आपण १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आपण चूक कबूल केली नाही, आणि त्या ट्रकांचा भारतातील इंजिनांशी संबंध नव्हता, हे मी न्यायाने नोंदवते. परंतु तिथल्या पद्धतीप्रमाणे तो समझोता न्यायालयाने मंजूर करण्याआधी ३० दिवस सर्वसामान्य नागरिकांच्या हरकतींसाठी खुला ठेवला गेला. म्हणजे कंपनी आणि सरकार यांच्यात जे ठरते त्यावर साध्या नागरिकाला बोलता येते, हे तत्त्व आपल्या मायदेशात आपल्याला परके नाही. ज्या विश्वासाला तिथे तडा गेला तो इथे आधीच जपायचा असेल, तर खुलेपणाची सुरुवात कोणी भाग पाडण्याची वाट न पाहता करावी.

आता माझे मागणे. फलटण तालुक्यात आणि लगतच्या माण-खंडाळ्यातील ज्या गावांत आपण काम करता, त्या प्रत्येक गावातील कामाचा प्रस्ताव सुरू होण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा. किती रक्कम, कोणाला कंत्राट, किती मुदत आणि नंतर देखभाल कोणाची, हे चार मुद्दे एका पानावर मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. काम संपल्यावर झालेला खर्च त्याच फलकावर यावा, आणि काम संपून दोन पावसाळे गेल्यावर आपला माणूस पुन्हा ग्रामसभेत येऊन उभा राहावा. त्याने प्रश्न ऐकावेत. उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही तर पुढच्या सभेत द्यावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक मराठी जाणणारा, बोलायला न घाबरणारा आणि तीन वर्षे बदली न होणारा अधिकारी लागतो.

दुसरे मागणे मोठे आहे. फलटणला इंजिनांची निगा आणि दुरुस्ती शिकवणारी एक संस्था हवी, कर्वेनगरच्या धर्तीवर, म्हणजे पैसा आणि ज्ञान आपले, कारभार इथल्या विश्वस्त संस्थेचा. याची गरज का आहे ते बाजारपेठेतल्या मेस्त्रीकडे जाऊन पाहावे. उसाच्या ट्रकाचे इंजिन नुसते ऐकून कोणत्या सिलिंडरचे नोझल गेले आहे ते सांगणारी माणसे आमच्याकडे आहेत. पण २०२० पासून मालट्रकांना धुराबाबतचे बीएस-६ निकष आणि जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनरेटरांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नवे, कडक निकष लागू झाले. आता इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे, धुरावर प्रक्रिया करणारी वेगळी यंत्रणा आहे, युरियाचे द्रावण आहे, आणि बिघाड शोधायला लॅपटॉप व कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. हे बदल हवेसाठी चांगले आहेत आणि मला ते हवेच आहेत. मात्र त्यांच्यामुळे तीस वर्षांचा अनुभव असलेला मेस्त्री एका फटक्यात अडाणी ठरला आहे. त्याला हे नवे काम मराठीतून, त्याच्या वेळेला, त्याची प्रतिष्ठा राखून शिकवू शकेल अशी जागा सातारा जिल्ह्यात मला तरी दिसत नाही. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना आणि मुलींनाही तिथेच पुढचे शिक्षण मिळावे, आणि डिझेलच्या जागी उद्या वायू, हायड्रोजन किंवा वीज आली तर त्याच छपराखाली तेही शिकवले जावे. आपले अभियंते वर्षाला जे चार तास समाजासाठी देतात ते झाडे लावण्यापेक्षा इथे शिकवण्यात गेले तर त्यांचे मोल कितीतरी वाढेल, कारण खड्डे आम्हीही खणू शकतो, फ्युएल सिस्टिम फक्त ते शिकवू शकतात.

या संस्थेला स्थायी निधी लागेल, आणि २०२१ नंतरच्या नियमांनुसार कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम २ टक्क्यांच्या खर्चात धरता येत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणजे ही रक्कम कायद्याच्या हिशेबाबाहेर, नफ्यातून वेगळी काढून द्यावी लागेल. १९९१ साली आपण हेच केले होते.

मुलींच्या जागांबद्दल एक अट मी माझ्याकडून घालते. निम्म्या जागा त्यांच्यासाठी असाव्यात आणि वसतिगृह पहिल्याच वर्षी बांधावे, मागाहून नव्हे. वरच्या अंगाच्या गावांतून संध्याकाळी सहानंतर एसटी नसते, आणि वसतिगृहाशिवाय मुलींसाठी राखलेल्या जागा कागदावरच राहतात, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

आमच्या तालुक्यात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. पैकी येत्या कोणत्याही सभेला आपला प्रतिनिधी पाठवावा, चालू कामांची मराठीतली यादी त्याच्याबरोबर द्यावी, आणि तंत्रशिक्षण संस्थेबाबत विचार करण्यास आपली तयारी आहे की नाही ते त्याने सभेत सांगावे. उत्तर नकारार्थी असले तरी ते सभेतच सांगावे, म्हणजे आम्हाला पुढे कोणाकडे जायचे ते ठरवता येईल. या पत्राच्या प्रती तालुक्याचे गटविकास अधिकारी, फलटण नगरपरिषद आणि संबंधित ग्रामपंचायतींना देत आहे.

कळावे,
आपली नम्र,
फलटण तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका